हँडल वळवलं की फ्यूज उडतो

प्रश्न : लडाखला जायचं म्हणून मोटरसायकलच्या हँडलला विजेवर गरम होणाऱ्या ग्रिप (मुठी) बसवून घेतल्या. सरळ रस्त्यावर त्या व्यवस्थित चालतात, पण हँडल पूर्ण डावीकडे वळवलं की फ्यूज उडायचा. मेकॅनिकने ५ अँपिअरचा काढून १५चा घातला. आता उडत नाही. गाडी अशीच नेऊ का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : मुळीच नेऊ नका. दोष होता तिथेच आहे, फक्त आता फ्यूजच्या जागी वायर जळेल. दोन्ही ग्रिप मिळून साधारण ३६ ते ४५ वॉट घेतात, म्हणजे १२ व्होल्टवर ३ ते पावणेचार अँपिअर. त्याला ५चा फ्यूज पुरतो. १५चा फ्यूज उडेपर्यंत किटमधल्या बारीक वायरचं आवरण वितळलेलं असेल, आणि ती वायर बहुतेक गाड्यांत पेट्रोलच्या टाकीखालून जाते.

हँडल वळवल्यावरच फ्यूज उडतो, तर ग्रिपवर संशय घ्यायच्या आधी वायर बघा. ती कुठेतरी सोललेली असणार. टाकी उचला आणि हँडल सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत वायर कुठे ताणली जाते, कुठे चिमटते, कुठे घासते ते पाहा. नेमक्या वळणाच्या जागी करकचून आवळलेला केबल टाय हा नेहमीचा गुन्हेगार. त्याच्या कडेशी आवरण चिरतं आणि आतलं तांबं फ्रेमला टेकतं.

डोळ्यांना दिसलं नाही, तर मल्टिमीटर जोडणी तपासण्याच्या, आवाज करणाऱ्या खुणेवर ठेवून लावा. बॅटरीची निगेटिव्ह सोडवा आणि ग्रिपचे कनेक्टर काढा. ते लावलेले राहिले, तर एलिमेंटमधूनच (ग्रिपमधल्या तापणाऱ्या तारेतून) ४ ओहमच्या आसपास दाखवून मीटर उगाच वाजेल. एक टोक पॉझिटिव्ह वायरला, दुसरं फ्रेमच्या रंग नसलेल्या धातूला लावून हँडल फिरवा. जिथे मीटर वाजेल, तिथे वायर फ्रेमला टेकते आहे. मग ग्रिपकडून येणाऱ्या वायरीही हँडलच्या धातूशी अशाच तपासा.

सोललेल्या जागी काळी टेप गुंडाळून काम भागत नाही. तेवढा तुकडा कापून ०.७५ ते १ चौरस मिलिमीटरची, बारीक तारांची नवी वायर घाला. जोड वळणाच्या जागी नको, वायर हलत नाही अशा सरळ भागात घ्या. वळणावर झाळकाम केलं तर कथील तारांमध्ये शिरून वायर कडक होते आणि त्या कडकपणाच्या काठावरच तुटते. जोड पक्कडीने दाबून, वर आत गोंद असलेली, तापवून आवळणारी स्लीव्ह चढवा. हँडल जिथे फ्रेमला जोडलेलं असतं त्या मानेपाशी वायरीला सैल वळसा ठेवा. टाय वळणाच्या अलीकडे-पलीकडे, आणि वायर बोटाने सरकेल इतपत.

प्रश्न : जुन्या गरम ग्रिप काढून नव्या घातल्यापासून सोडलेली रेस पटकन मागे येत नाही. डावी ग्रिप उजवीपेक्षा कमी तापते. किट सदोष आहे का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : दोन्ही तक्रारी बसवण्याच्या दिसतात. उजवी ग्रिप रेसच्या प्लॅस्टिकच्या नळीवर बसते. त्या नळीवरचे उंचवटे कानशीने आणि पॉलिश पेपरने सपाट करायचे असतात. ते राहू देऊन ग्रिप ठोकून बसवली की एकतर नळी दबते किंवा आतलं एलिमेंट तुटतं. ग्रिप आणि स्विचच्या डबीमध्ये १-२ मिलिमीटर फट आहे का? बाहेरच्या बाजूला हँडलच्या टोकाशीही तेवढीच हवी. बहुतेकदा रेस अडकते ती इथेच. ग्रिपमधून निघणारी वायर पूर्ण रेस दिल्यावर ब्रेकच्या लिव्हरला किंवा डबीला अडत नाही ना, तेही बघा. इंजिन बंद ठेवून हँडल दोन्ही टोकांना नेऊन रेस पिळा आणि सोडा. ती टचकन परत यायलाच हवी. नंतर गाडी न्यूट्रलमध्ये चालू करून हँडल फिरवा. आवाज वाढला तर काहीतरी ताणलं जातंय. हे जुळेपर्यंत गाडी रस्त्यावर आणू नका.

डावी ग्रिप थेट धातूच्या नळीवर असते. तिची उष्णता हँडल ओढून घेतं, उजवीला प्लॅस्टिकचा आडोसा मिळतो. थोडा फरक म्हणूनच राहतो. ग्रिपचं भोक सैल असेल तर हँडलवर पातळ स्लीव्ह चढवून बघा. डावी अगदीच थंड असेल, तर तिचं एलिमेंट मोजा : १८ वॉटच्या ग्रिपला सुमारे ८ ओहम यावेत. मीटर काहीच दाखवत नसेल तर ग्रिप गेली.

गोंद मात्र किटसोबतचाच वापरा. साधं रबर सोल्युशन तापून मऊ होतं आणि ग्रिप हातात फिरते. चिकटलेली गरम ग्रिप शाबूत निघत नाही, म्हणून आधी कोरडी बसवून वायरची दिशा ठरवा, खूण करा, मगच गोंद.

प्रश्न : ग्रिपची वायर थेट बॅटरीला जोडली तर?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : किल्ली काढूनही ग्रिप चालू राहिल्या, तर ९ अँपिअर-तासांची बॅटरी तीन तासांत संपते, आणि गाडी सेल घेईनाशी त्याच्याही बऱ्याच आधी होते. चार पिनांचा रिले (किल्लीच्या वायरीवर चालू-बंद होणारा स्विच) घाला. पिनांवर क्रमांक असतात : ३०ला बॅटरीची पॉझिटिव्ह फ्यूजमधून, ८७ला ग्रिप, ८६ला टेललाइटची किल्लीवर चालणारी वायर, ८५ला अर्थिंगची, म्हणजे फ्रेमला जाणारी वायर. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा.