अधिकृत व्यासपीठाचं दार उघडलं, पण कुणासाठी?

प्रश्न : माझा मुलगा पुण्यात इंग्रजी विषय घेऊन बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मित्रांबरोबर ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळतो आणि त्या खेळासाठी इंग्रजीत ‘अ‍ॅडव्हेंचर’ लिहितो. त्यातली दोन त्याने ‘डीएम्स गिल्ड’ या साइटवर विकायला ठेवली आहेत. आता कंपनीच्या अधिकृत साइटवर बाहेरच्यांची पुस्तकंही येतात, म्हणून कॉलेज सोडून पूर्णवेळ हेच करायचं म्हणतो. आम्हाला यातलं काही कळत नाही. त्याला अडवावं का? – एक आई, कराड

उत्तर :

नमस्कार ताई,

लिहिण्यापासून त्याला अडवू नका. कॉलेज सोडण्यापासून मात्र जरूर अडवा, आणि का ते त्याला पटेल अशा भाषेत सांगा. त्यासाठी या व्यवसायाची थोडी माहिती तुमच्याजवळ असायला हवी.

हा खेळ १९७४ साली अमेरिकेत छापून आला. एकजण गोष्ट चालवतो, त्याला डीएम म्हणतात. बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात आणि अवघड प्रसंगी काय घडलं ते फासे ठरवतात. अ‍ॅडव्हेंचर हे डीएमसाठी लिहिलेलं पुस्तक. त्यात जागा, नकाशे, माणसं, राक्षस असतात आणि खेळाडू भलत्याच वाटेला गेले तर काय करायचं, तेही असतं. कादंबरीत नायक लेखकाचं ऐकतो, इथे तो कुणाचंच ऐकत नाही. असं लिहिणं हे कसबाचं काम आहे. तुमचा मुलगा ते करायला धडपडतोय, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

आता त्या बातमीबद्दल. या खेळाचं अधिकृत डिजिटल ठिकाण म्हणजे ‘डी अँड डी बियाँड’. २०१७ साली ते दुसऱ्याच कंपनीने सुरू केलं. २०२२ मध्ये हॅस्ब्रो या अमेरिकेतल्या खेळणी कंपनीने ते सुमारे १४ कोटी ६० लाख डॉलरना विकत घेतलं. खेळाची मालक कंपनी ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ही हॅस्ब्रोचीच. त्यानंतर तिथे कोबोल्ड प्रेस, एमसीडीएम, घोस्टफायर गेमिंग, हिट पॉइंट प्रेस अशा बाहेरच्या प्रकाशकांची पुस्तकं येऊ लागली. बातमी खरी आहे. पण या नावांकडे त्याला नीट बघायला सांगा. हे सगळे प्रकाशक आहेत. त्यांच्याकडे संपादक, चित्रकार, नकाशे करणारे आहेत, बांधलेला वाचक आहे. कोबोल्ड प्रेसने तर २०१४ मध्ये विझर्ड्ससाठीच एक अधिकृत अ‍ॅडव्हेंचर लिहून दिलं होतं. इथे कुणीही उठून आपली पीडीएफ टाकावी, अशी सोय नाही. कोणाचं पुस्तक घ्यायचं ते कंपनी ठरवते.

म्हणजे हे दार प्रकाशकांसाठी उघडलंय. तुमच्या मुलाची वाट या प्रकाशकांच्या अंगणातून जाते, आणि तिथे नवख्याला काम मिळतं ते बहुधा फ्रीलान्स, शब्दांच्या हिशेबाने. अशा करारात अनेकदा लेखनाचे सगळे हक्क प्रकाशकाकडे जातात. पुस्तक पुढे डिजिटल व्यासपीठावर कितीही खपलं तरी लेखकाला एकदा मिळालं तेवढंच. म्हणून सही करण्याआधी डिजिटल हक्कांचं कलम वाचायची सवय त्याला आत्ताच लागू दे. कळलं नाही तर वकिलाला विचारावं, लाजू नये.

पूर्णवेळ नोकऱ्या तिकडेही मोजक्याच आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये हॅस्ब्रोने सुमारे ११०० पदं कमी करत असल्याचं जाहीर केलं, आणि त्यात या खेळावर वर्षानुवर्षं काम केलेली माणसंही गेली. पदवी हातात ठेवा असं मी म्हणते, त्यामागे हे कारण आहे.

त्याने विकायला ठेवलेल्या दोन अ‍ॅडव्हेंचरबद्दलही सांगते. डीएम्स गिल्डवर विक्रीचा निम्मा वाटा लेखकाला मिळतो आणि कंपनीच्या प्रसिद्ध काल्पनिक जगात गोष्ट घडवायची मुभा असते. बदल्यात ते लेखन तिथेच अडकतं, दुसरीकडे छापता येत नाही. ही दोन शिकण्यासाठी झाली, छान झालं. तिसरं मात्र वेगळ्या पायावर लिहावं. बाहेरच्यांना या खेळाचे नियम वापरू देणाऱ्या परवान्यावरून जानेवारी २०२३ मध्ये मोठा गदारोळ झाल्यावर कंपनीने खेळाचे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले केले. योग्य श्रेय दिलं की त्या नियमांवर कुणीही पुस्तक काढू शकतं, कुठेही विकू शकतं. फक्त जग स्वतःचं हवं. आणि स्वतःचं जग असलेला लेखकच उद्या एखाद्या प्रकाशकाशी मान वर करून बोलू शकेल.

ते जग कुठून आणायचं? कराडचा मुलगा आहे, सह्याद्री दारात आहे. राजगडाच्या तीन माच्या, वर बालेकिल्ला, चोरदरवाजे, पाण्याची टाकी, घाटवाटा : शत्रूने कुठून यावं आणि कुठे अडकावं याचा विचार करून माणसांनी उभारलेल्या या जागा आहेत. अ‍ॅडव्हेंचर लिहिणाऱ्याला आणखी काय हवं! कोलकात्यात वाढलेल्या लेखिका मिमी मंडल यांनी २०२२ मध्ये विझर्ड्सच्याच एका संग्रहात बंगालच्या मातीतून स्फुरलेलं अ‍ॅडव्हेंचर लिहिलं. आपल्याकडचं सांगितलं तर कोण घेणार, ही शंका त्याने सोडून द्यावी.

आणखी एक काम आहे आणि त्याकडे या मुलांचं लक्ष जात नाही. छापील पुस्तक डिजिटल होताना राक्षसांची आकडेवारी, मंत्र, नकाशे हे सगळं सुटं करून एकमेकांना जोडावं लागतं, म्हणजे नावावर टिचकी मारली की माहिती उघडते. त्यासाठी नियमांची जाण, काटेकोर इंग्रजी आणि थोडं वेब तंत्रज्ञान एकत्र लागतं. इंग्रजीच्या पदवीबरोबर त्याने एचटीएमएल आणि पानांची मांडणी शिकून घेतली, तर हे कौशल्य शैक्षणिक प्रकाशनात आणि गेम कंपन्यांतही चालतं. परदेशातून पैसे येऊ लागले की पॅन, विवरणपत्र आणि अमेरिकेतला कर यासाठी सीएकडे एकदा जाऊन यावं.

तिसरं अ‍ॅडव्हेंचर लिहून झालं की ते ओळखीच्या नसलेल्या डीएमच्या हाती द्यावं आणि स्वतः त्या टेबलाशी बसू नये. डीएम कुठे अडखळला, त्याच्या नोंदी मागवाव्यात. त्या नोंदी आणि पहिली दहा पानं त्याने मला पाठवली तर मी वाचेन. मात्र पत्र त्याने स्वतः लिहावं, तुम्ही नको.