सही बरोबर आहे, पण इमेज तीच आहे का?

प्रश्न (विश्रामबाग, सांगली): सर, आमच्या कुबरनेटिस क्लस्टरवर (कंटेनर चालवणाऱ्या मशिनांचा गट) कायव्हर्नो हे नियम तपासणारं सॉफ्टवेअर आहे, डिजिटल सही नसलेली इमेज (अ‍ॅपचं तयार पॅकेज) आत येतच नाही. मग कायव्हर्नोच्या सही तपासणीतल्या त्रुटीचं ते सीव्हीई-२०२२-४७६३३ (सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या सुरक्षा त्रुटीचा नंबर) आम्हाला लागू होतं का? व्हर्जन १.८.४ आहे, व्यवस्थित चालतंय म्हणून कुणी हात लावत नाही.

उत्तर: होतं की! १.८.३ आणि १.८.४ हीच दोन व्हर्जन त्यात सापडलीत, १.८.५ मध्ये दुरुस्ती आली. घोळ असा होता की कायव्हर्नो रजिस्ट्रीकडनं, म्हणजे इमेजच्या कोठाराकडनं, मॅनिफेस्ट (इमेजमध्ये काय काय आहे त्याची यादी) घेऊन सही तपासायचा, आणि मग पॉडमध्ये (क्लस्टरवर चालणाऱ्या कंटेनरच्या नोंदीत) टॅगच्या, म्हणजे इमेजच्या बदलू शकणाऱ्या नावाच्या, जागी डायजेस्ट (मजकुरावरनं काढलेला पक्का ठसा) लिहायला परत एकदा रजिस्ट्रीलाच विचारायचा. दुसऱ्या वेळेला रजिस्ट्रीनं दुसरंच काही हातात दिलं तर? सही तपासली एकाची, चाललं भलतंच. हळदीच्या सौद्यात बोली नमुना बघून लागते आणि गाडीत पोती दुसरीच चढतात, तसला प्रकार. आता यासाठी रजिस्ट्री किंवा मधला प्रॉक्सी हल्ला करणाऱ्याच्या ताब्यात पाहिजे, कुणीही उठून करेल असं नाही, पण तुमच्याकडं कुठल्याही रजिस्ट्रीतली इमेज चालत असेल तर तो स्वतःचीच रजिस्ट्री उभी करेल, त्याला काय अडचण आहे? म्हणून अपग्रेड आजच करा आणि कुठल्या रजिस्ट्र्या चालतील तेही पॉलिसीत बांधून टाका.

प्रश्न (कराड): कोसाइननं (इमेजच्या सह्या करायचं, तपासायचं टूल) अटेस्टेशन, म्हणजे इमेजबद्दलचा सही केलेला दाखला, पास दाखवलं, आणि नंतर कळलं की इमेज बनवणाऱ्या पाइपलाइनमधली स्कॅनची पायरीच बंद होती. रिपोर्टच नाही तर पास कसं काय?

उत्तर: कोसाइनचं व्हर्जन बघा आधी. १.१०.१ च्या अगोदर हे होत होतं, सीव्हीई-२०२२-३५९२९. टाइप फ्लॅग देऊन तुम्ही स्कॅनचं अटेस्टेशन मागितलं, ते नव्हतंच, पण दुसऱ्या टाइपचं एखादं नीट सही केलेलं असलं की कोसाइन खुशाल पास म्हणायचा. आणि एक सांगू का, सगळे फक्त पास होतंय का तेवढंच बघतात. मुद्दाम बिनसहीची, बिनरिपोर्टची इमेज टाकून ती नापास होते का ही टेस्ट सीआयमध्ये (प्रत्येक बदलाला आपोआप चालणाऱ्या तपासण्यांत) ठेवाच, असले बग तिथंच सापडतात.

प्रश्न (सातारा, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी): कोसाइनच्या कीलेस सहीत (कायमची की न सांभाळता केलेली सही) सर्टिफिकेट १० मिनिटांत संपतं म्हणे. मग महिन्यानंतर सही चालते कशी?

उत्तर: सही केली त्या वेळेला सर्टिफिकेट जिवंत होतं का, एवढंच बघायचं असतं, आणि ती वेळ रेकॉर या सह्यांच्या सार्वजनिक लॉगमध्ये नोंदलेली असते. सर्टिफिकेट देणारी सेवा म्हणजे फुल्सिओ, तो सर्टिफिकेट देतो ते तुझ्या लॉगिनच्या ओळखीवर, म्हणून तपासताना कुणाची सही पाहिजे ते सांगावंच लागतं, कोसाइन २.० पासून आयडेंटिटी (कुणाची सही) आणि इश्युअर (ती ओळख कुणी दिली) दोन्ही दिल्याशिवाय कीलेस सही तपासतच नाही. तरी काही महाभाग तिथं सगळं चालेल असा रेजेक्स (मजकूर जुळवायचा नमुना) टाकतात बघ, म्हणजे ज्याच्याकडं जीमेल आहे त्याची सही चालली! तू तसलं काही करू नको.