डांबरगोळ्यांच्या पेटीतली दुपटी बाळाला लगेच गुंडाळू नका

ताई, सासूबाईंनी पेटीतून जुनी दुपटी काढली, त्यांना डांबरगोळ्यांचा वास येतो, आठ दिवसांच्या बाळाला चालतील का, असं तुम्ही विचारलंय. आत्ता अजिबात नको. सासूबाईंना दोष देऊ नका, आपल्याकडे घरोघरी हेच चालतं.

मी गडचिरोलीकडच्या खेड्यांत आरोग्यसेविका होते. एका बाळंतिणीकडे गेले तर बाळाचे डोळे हळदीसारखे पिवळे. दुपट्याला नाक लावलं, तोच वास. त्याच दिवशी बाळाला दवाखान्यात हलवलं.

ही गोळी बहुधा नॅप्थलीनची असते. ते दगडी कोळशाच्या डांबरातून निघतं, म्हणून डांबरगोळी. ती वितळते 80 अंशांना, पण त्याआधीच न वितळता हवेत उडत राहते. मे महिन्यात टिनाखालच्या खोलीत बोराएवढी गोळी चण्याएवढी होते, ते यामुळेच. उडालेलं सगळं पेटीतल्या कापडात मुरतं. पाण्यात ते जवळजवळ विरघळत नाही, तेलात मात्र विरघळतं. आणि आपण बाळाला तेलानं चोळून लगेच दुपट्यात बांधतो! तेलकट कातडीतून ते आणखी सहज आत जातं.

शरीरात त्यापासून जे तयार होतं, ते रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतं, आणि त्यातूनच कावीळ होते. ज्यांच्यात या पेशींना जपणारं जी-सिक्स-पीडी हे एन्झाइम जन्मतःच कमी, त्यांना धोका फार, आणि हा दोष मुलींपेक्षा मुलांत जास्त दिसतो. सिकलसेल हा रक्ताचा आजार वेगळा, त्याची तपासणी झाली म्हणजे जी-सिक्स-पीडीची झाली असं नाही. तान्ह्या बाळाची कावीळ वाढली तर मेंदूला इजा होते. म्हणून डोळे पिवळे दिसले, बाळ सुस्त पडलं, दूध ओढेना, तर सकाळची वाट पाहू नका.

सध्या रोजच्या वापरातलं धुतलेलं मऊ सुती लुगडं फाडून घ्या. पेटीतली दुपटी गरम पाण्यात साबणानं धुवा, कडक उन्हात तीन-चार दिवस पालटून वाळवा. नाकाशी धरून थोडाही वास आला तर परत उन्हात. कसरीच्या अळीचं खाणं लोकर आणि रेशीम. स्वच्छ धुतलेल्या सुती दुपट्यांत गोळी टाकायची गरजच नाही.

घरात रांगतं पोर असेल तर गोळ्या उघड्यावर नकोत, पेपरमिंट समजून तोंडात घालतात. गिळलीच तर दूध-तूप पाजू नका, त्यानं विष जास्त भिनतं. ओकारीही काढू नका. पाकीट घेऊन दवाखाना गाठा. पोर त्या दिवशी खेळत असलं तरी जा, लघवी काळ्या चहासारखी व्हायला दोन-तीन दिवसही लागतात.