पणजोबांच्या ट्रंकेतली बेसबॉल कार्डं

प्रश्न: काका नमस्कार, वेंगुर्ल्याच्या घरी माळ्यावरची ट्रंक उघडली तर एका वहीत चिकटवलेली छोटी रंगीत कार्डं सापडली, सगळी बेसबॉल खेळाडूंची, एक सुटं निघालंय त्याच्यामागे पीडमाँट सिगारेटची जाहिरात आहे. पणजोबा बोटीवर होते, त्यांनीच आणली असणार. कडा मळल्यात, बुरशीपण आहे. भाऊ म्हणतो कडा कापून लॅमिनेट करू. करू का?
— एक वाचक, वेंगुर्ला

उत्तर: ताई, अजिबात नको, भावाला आजच सांगा! वर्णनावरून ही टी-२०६ सेटमधली वाटतात, अमेरिकन टोबॅको कंपनीने १९०९ ते १९११ मध्ये सिगारेटच्या पाकिटात टाकलेली. पीडमाँटची जाहिरात सगळ्यात जास्त सापडणाऱ्यांपैकी आहे, म्हणून लगेच कोटींचे हिशोब नकोत.

नकलाही ढीगभर आहेत. चित्राखालचं नाव भिंगातून बघा, अस्सल कार्डावर तपकिरी अक्षरं सलग शाईत असतात, स्कॅन करून छापलेल्यात अक्षरंसुद्धा ठिपक्यांची दिसतात.

आता कात्रीचं. ग्रेडिंगवाले, म्हणजे कार्ड अस्सल आहे का आणि किती चांगल्या अवस्थेत आहे हे तपासणाऱ्या कंपन्या, कोपरे, कडा, पृष्ठभाग, चित्र मधोमध आहे का हे बघून १ ते १० ग्रेड देतात, आणि कापलेलं कळलं तर आकडाच देत नाहीत, नुसतं अस्सल पण छेडछाड केलेलं एवढंच लिहितात. याच सेटमधलं होनस वॅग्नर या बेसबॉल खेळाडूचं एक कार्ड २०२२ मध्ये ७२ लाख ५० हजार डॉलरला गेलं आणि त्याचा ग्रेड होता फक्त २! उलट ८ ग्रेडचं जे वॅग्नर जगभर गाजलं ते आपणच कापलेलं, असं लिलाववाल्या बिल मास्ट्रोने २०१३ मध्ये कबूल केलं. शंभर वर्षांच्या कार्डाचे कोपरे गोल होणारच हो, तो त्याचा दोष नाही, आणि लॅमिनेशन तर परत निघतच नाही.

वहीतून ओढून काढू नका, पाठ फाटली की गेलं. बुरशी ओल्या फडक्याने पुसू नका, खोडरबर नको, उन्हात तर मुळीच नको, सावलीत हवेशीर जागी सुकू द्या. सुटं कार्ड पीव्हीसी (एक प्रकारचं प्लास्टिक) नसलेल्या पाकिटात घालून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. आपल्याकडे पावसाळ्यात भिंतीला ओल येते, कसर लागते, त्यामुळे डबा भिंतीतल्या कपाटात नको आणि पुड्या अधूनमधून बदला.

अक्षरं सलग निघाली तर सुट्या कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो पाठवा, खेळाडूचं नाव बघून पुढचं सांगतो.