बुडी बदक म्हणावं की पाणबुडी?

प्रश्न असा आला आहे : हिवाळ्यात पैठणच्या नाथसागरावर, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयावर, तांबड्या डोक्याचं, राखी पाठीचं बदक सारखं पाण्याखाली जाताना दिसतं. गावाकडे अशा पाखराला पाणबुडी म्हणतात. मग याला पाणबुडी म्हणावं का? आणि ‘डायव्हिंग डक’ला मराठीत काय म्हणायचं?

वर्णनावरून ही लालसरी, त्यातही नर. छाती काळी असेल तर शंकाच नको. तिला पाणबुडी मात्र म्हणू नये. ते नाव गावोगाव टिबुकलीला चिकटलेलं आहे, आणि टिबुकली बदकच नव्हे. तिची चोच टोकदार, शेपूट जवळजवळ नाहीच, आणि बोटांमध्ये बदकासारखा सलग पडदा नसून प्रत्येक बोटाला सुटी झालर असते. काळा, पांढऱ्या चोचीचा वारकरीही बुडी मारतो, पण तोही बदक नाही.

‘डायव्हिंग डक’साठी मी ‘बुडी बदक’ वापरतो. बुडणं आणि बुडी मारणं यांत मराठीनं मोठा फरक केला आहे. बुडणारा असहाय असतो. बुडी मारणारा स्वतःहून खाली जातो आणि वर येणार असतो. सूर मारणं आणखी वेगळं, तो उंचावरून. खंड्या आणि सुरय सूर मारतात, लालसरी पृष्ठभागावरूनच बुडी मारते. म्हणून ‘लालसरीनं सूर मारला’ असं लिहिलेलं मला खटकतं. ‘डुबकी’ चालेल; बुड आणि डुब ही एकाच मुळाची, अक्षरांची अदलाबदल झालेली रूपं. आपली पाणबुडी हिंदीत ‘पनडुब्बी’ होते ती त्यामुळेच.

शब्द पटला की ओळखही सोपी होते. बुडी बदकांचे पाय शरीराच्या बऱ्याच मागे असतात. पाण्याखाली रेटा द्यायला ते उत्तम, जमिनीवर मात्र चाल बेंगरूळ. पाण्यात ती खोल बसतात, शेपूट पाण्यालगत राहतं. उडताना पाण्यावर पाय आपटत धावावं लागतं. थापट्या, तलवार बदक यांचं तसं नाही : ती जागेवरूनच उसळून उडतात, आणि चरताना डोकं पाण्यात, शेपूट आभाळाकडे अशी उपडीही होतात. त्यांना मी ‘उपडी बदकं’ म्हणेन.

नाथसागर पसरट आणि बराचसा उथळ. जायकवाडी धरण १९७६ साली पूर्ण झालं, १९८६ साली जलाशय पक्षी अभयारण्य झाला. तळाशी वनस्पती आणि किडे-गोगलगायी मिळाल्या की बुडी बदकांचं भागतं. लालसरी बरंचसं पहाटे, संध्याकाळी आणि रात्री चरते. भर दुपारी थवा पाण्यावर झोपलेला दिसला तर बुडीची वाट पाहत बसू नका, रंग पाहा. मागे लोंबती शेंडी, काळं अंग आणि पांढऱ्या कुशी असतील तर तो शेंडी बदकाचा नर. माद्या तपकिरी, त्यांना ओळखायला डोक्याचा आकार आणि सोबतचे नर पाहावे लागतात.

एक अपवाद सांगायला हवा. लालभडक चोचीची मोठी लालसरी बुडीही मारते आणि उपडी होऊनही चरते. तरी तिची गणना बुडी बदकांतच होते.