कोरियन कंपनीला चाकणमध्ये कारखाना काढायला भारतीय भागीदार घ्यावाच लागतो का?

नाही, सक्ती नाही. गाड्यांचे सुटे भाग बनवायला १०० टक्के परकीय मालकी चालते, सरकारची पूर्वपरवानगीही लागत नाही. फेमा म्हणजे परकीय चलन व्यवस्थापन कायदा; त्याखालच्या २०१९ च्या नियमांतच हे आहे. इथे काढलेल्या कंपनीच्या संचालकांपैकी एक जण मात्र वर्षात किमान १८२ दिवस भारतात राहणारा हवा. तो भारतीय नागरिकच असला पाहिजे असं नाही. इथल्या कंपनीने कोरियन कंपनीला शेअर दिल्यापासून ३० दिवसांत एफसी-जीपीआर फॉर्म (परकीय गुंतवणूकदाराला दिलेल्या शेअरची माहिती देणारा) रिझर्व्ह बँकेच्या पोर्टलवर भरा. ही मुदत कृपया चुकवू नका, विलंब शुल्क बसतं. जागेचं तेवढं सांभाळा: एमआयडीसीचा प्लॉट विकत नाही, भाडेपट्ट्याने मिळतो, सहसा ९५ वर्षांच्या. आधीच्या उद्योजकाकडून घेत असाल, तर एमआयडीसीची हस्तांतर परवानगी आधी बघा, इसार मग द्या.