दंड भरला नाही तर घरातलं सामान विकतील का?

प्रश्न: दिराला कोर्टाने दंड ठोठावलाय, पैसे नाहीत, आम्ही एकत्रच राहतो. माझा फ्रीज, स्कूटी पण जप्त करून विकतील का हो?

उत्तर: ताई, घाबरू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४६१ प्रमाणे कोर्ट वॉरंट काढून दोषी माणसाचीच जंगम मालमत्ता (म्हणजे हलवता येणाऱ्या वस्तू) जप्त करून विकायला लावू शकतं, नाहीतर कलेक्टरमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली, त्यात मग जमीन-घरही येतं. तुमच्या वस्तू तुमच्याच, पण बिलं, आरसी आत्ताच शोधून ठेवा आणि जप्ती आलीच तर लगेच हरकत घ्या. अजून एक, दंड न भरल्याबद्दलची कैद दिराने पूर्ण भोगली असेल तर खास कारण लेखी नोंदवल्याशिवाय, किंवा दंडातून खर्च-भरपाई द्यायचा आदेश असल्याशिवाय असं वॉरंट काढताच येत नाही, हे वकिलांना आवर्जून विचारा.